पाठवला खरा, पण त्याचा इथे धनी कोण?

प्रश्न

नमस्कार. मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत एचआर मॅनेजर आहे. कंपनी मूळची इथलीच. काही वर्षांपूर्वी मालकांनी जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या एका गावातला जुना, लहानसा कारखाना विकत घेतला. तेव्हापासून आमचे इंजिनिअर दोन-दोन वर्षांसाठी तिकडे जातात. पहिला दोन वर्षं पूर्ण करून आला आणि पाचव्या महिन्यात राजीनामा देऊन रांजणगावच्या एका कंपनीत गेला. दुसरा गेल्या ऑक्टोबरात बायको आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन गेला. कामात एकदम हुशार. आता आठ महिन्यांत म्हणतोय, मला परत बोलवा. मालक भडकलेत. "एवढा खर्च केला आणि हा रडतोय. यापुढे अविवाहित मुलंच पाठवा आणि प्रत्येकाकडून तीन वर्षांचा बाँड लिहून घ्या," असा हुकूम आहे. दिवाळीनंतर आणखी चौघांना पाठवायचंय. व्हिसा, तिकीट, विमा हे सगळं आम्ही एजन्सीकडून चोख करून घेतो. तरी असं का होतं? आमची निवड चुकते आहे का? बाँडचा उपयोग होईल का?

एक वाचक, चाकण

उत्तर

नमस्कार,

तुमच्या पत्रात व्हिसा आहे, तिकीट आहे, बाँड आहे, मालकांचा राग आहे. एक माणूस मात्र कुठेच नाही: जर्मनीत गेलेल्या इंजिनिअरचा पुण्यातला साहेब. त्याचं अप्रेझल कोण करतं? अडला तर तो कोणाला फोन करतो? परत आल्यावर कुठल्या खुर्चीत बसणार, हे कोणाला ठाऊक आहे? माझा अंदाज, कोणालाच नाही. जाण्याआधी तो इथल्या प्रॉडक्शन हेडच्या हाताखाली होता. विमानात बसला आणि हेडच्या लेखी तो जर्मनीचा झाला. तिकडच्या प्लांट मॅनेजरच्या लेखी मात्र तो पुण्याचाच राहिला. त्याला धनीच उरला नाही. तुमच्या दोन्ही इंजिनिअरांचं दुखणं मला इथे दिसतं. निवड फारशी चुकलेली वाटत नाही.

मालकांना "रडतोय" हा शब्द मागे घ्यायला लावा, असं मी म्हणणार नाही, मालक ते मालक. पण एक गोष्ट त्यांच्या कानावर घाला. परदेशी पाठवलेला माणूस मुदतीआधी का परततो, याची पाहणी रोझली टंग या प्राध्यापिकेने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला केली होती. अमेरिकन कंपन्यांनी दिलेल्या कारणांत पहिलं होतं जोडीदाराला तिथे जुळवून न घेता येणं. कामातलं ज्ञान अपुरं पडणं हे यादीत अगदी खाली. जपानी कंपन्यांचं पहिलं कारण वेगळं निघालं: मोठी जबाबदारी न पेलणं. म्हणजे कोण कुठून जातो त्यावरही बरंच अवलंबून आहे. आणि हो, एखादा कन्सल्टंट येऊन "चाळीस टक्के लोक फेल जाऊन परत येतात" असं छातीठोक सांगू लागला तर चहा पाजून वाटेला लावा. हे मोठमोठे आकडे एकाचं दुसऱ्याने आणि दुसऱ्याचं तिसऱ्याने उतरवून घेत आले आहेत, मुळात पुरावा फारसा नाही, हे ॲन-विल हार्झिंग यांनी १९९५ मध्येच दाखवून दिलं आहे.

आता तुमच्या इंजिनिअरच्या घरात डोकावू. भत्त्याच्या पत्रात तुम्ही "घरभाडे कंपनी देईल" असं लिहिलं असणार. जर्मनीत भाड्याचं घर पुष्कळदा स्वयंपाकघराशिवाय मिळतं. खोली असते, पण ओटा, सिंक, शेगडी, कपाटं काही नसतं. आधीचा भाडेकरू ते उचकटून घेऊन गेलेला असतो. छताला दिव्याच्या जागी नुसत्या वायरी लोंबतात. हे सगळं बसवायचं तर खर्च हजारो युरोंत जातो, आणि तो तुमच्या "घरभाडे" या शब्दात बसत नाही. मग माणूस स्वतःच्या खिशातून घालतो, किंवा दोन महिने इंडक्शनच्या एका शेगडीवर खिचडी शिजते. शिवाय घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाचं पत्र लागतं. नोंदणी अडली की कर क्रमांक अडतो, बँकेचं काम लांबतं, सगळी गाडीच खोळंबते. एजन्सीने तुम्हाला यातलं किती सांगितलं?

आणि तुम्ही त्यांना पाठवलंत ऑक्टोबरात. डिसेंबरात स्टुटगार्टला सकाळी आठनंतर उजाडतं आणि साडेचारला दिवेलागण. नवरा अंधारात निघतो, अंधारात परततो. दिवसभर घरात बायको आणि मुलगी. रविवारी दुकानं बंद. पाच वर्षांच्या मुलीला बालवाडीत जागा मिळण्याचा तिथे कायदेशीर हक्क आहे, अगदी वर्षाच्या बाळालाही २०१३ पासून आहे. पण हक्क असला तरी जागा रिकामी असायला हवी ना? प्रतीक्षा यादीत नाव घालून महिनोन्महिने थांबणारी कुटुंबं पुष्कळ आहेत. मुलगी सहाची झाली की शाळा सक्तीची, घरी शिकवू म्हटलं तर चालत नाही.

त्या बाई पुण्यात काय करत होत्या, हे तुमच्या पत्रात नाही. तुम्हाला माहीत असेल तर उत्तम. नसेल, तर तेही पुष्कळ बोलतं. कंपनीअंतर्गत बदलीच्या कार्डावर किंवा ब्लू कार्डावर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) गेलेल्या माणसाच्या जोडीदाराला जर्मनीत नोकरी करायची मुभा असते, आणि व्हिसासाठी जर्मनची परीक्षाही द्यावी लागत नाही. ही सवलत ऐकायला छान आहे, पण त्यामुळे घोटाळा असा होतो की कोणी भाषा शिकतच नाही. कायद्याने दार उघडं, भाषेने बंद. चौघांना पाठवण्याआधी त्यांच्या जोडीदारांची जर्मनची फी कंपनीने भरावी, पुण्यात मॅक्स म्युलर भवन हाताशी आहे. इंजिनिअरला शिकवा अथवा नका शिकवू, कारखान्यात इंग्रजीवर त्याचं थोडंफार निभेल. डॉक्टरकडे, बालवाडीत, जिन्यात भेटणाऱ्या शेजारणीशी बोलायचं काम बायकोवर पडतं.

आता धनी नसल्याचा परिणाम रोजच्या कामात कसा दिसतो ते बघा. चाकणची सकाळची साडेनऊची मीटिंग तिकडे थंडीत पहाटे पाचला पडते. त्याला त्या मीटिंगला घेतात का, विचारा. मला खात्री आहे, घेतात, आणि "पाचच मिनिटं" म्हणून घेतात. मग तो दिवसभर जर्मन शिफ्ट करतो आणि संध्याकाळी तिथला प्लांट मॅनेजर कपाळाला आठ्या घालतो, कारण तिकडच्या कायद्याने एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत अकरा तासांची विश्रांती द्यावी लागते. पुण्याला वाटतं, तिकडे जाऊन हा सुखावला, फोन उचलत नाही. तिकडच्यांना वाटतं, ह्याचं लक्ष इथे नाही. दोन साहेब आणि एक नोकर, असं कुठल्याच घरात चालत नाही. कोणी एकाने ठरवायला हवं की पुण्याचे फोन फक्त आपल्या दुपारी दोननंतर करायचे, त्याची रजा जर्मन कॅलेंडरने धरायची की आपल्या, गणपतीची सुट्टी मिळणार की नाही. या बारीकसारीक गोष्टींसाठी त्याने दोन्हीकडे हात पसरत बसू नये.

त्यातून तुमच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे, तिच्याकडे मालकांचं लक्ष गेलं नसावं. कारखाना तुम्ही विकत घेतलेला आहे. तिथल्या जुन्या कामगारांच्या मनात पहिली शंका काय येणार? हा आमचं काम शिकून चाकणला न्यायला आलाय. तिथे बहुधा कामगारांनी निवडलेली कामगार परिषद असते, तिला कायद्याने वजन असतं, आणि तिच्यापासून काही लपवून ठेवणं अंगाशी येतं. तुमचा हुशार इंजिनिअर मशीनजवळ गेला की वीस वर्षं त्या मशीनवर काढलेला माणूस गप्प होतो, आणि इंजिनिअरला कळत नाही की आपलं काय चुकलं. त्याचं काहीच चुकलेलं नसतं. तो कशासाठी आला आहे, कधी जाणार, त्याच्या येण्याने कोणाची नोकरी जाणार का, हे मालकांनी स्वतः तिथे उभं राहून सांगायला हवं होतं. ते अजूनही सांगता येईल. चौघे एकदम उतरण्याआधी तर सांगाच, नाहीतर तिथल्यांना फौजच आल्यासारखी वाटेल.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण ते काम तुमच्या सीएचं आहे, पण प्रश्न तुम्ही विचारायला हवेत. भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे, आजचा व्यापक करार १ मे २०१७ पासून लागू झाला. इथल्या पगारपत्रकावर राहून तिकडे गेलेल्या माणसाचा पीएफ इथेच चालू ठेवता येतो आणि तिकडची पेन्शन वर्गणी ४८ महिन्यांपर्यंत टळते. ती वर्गणी पगाराच्या १८.६ टक्के आहे, निम्मी माणसाची आणि निम्मी कंपनीची. त्यासाठी आपल्या पीएफ कार्यालयाचं कव्हरेज सर्टिफिकेट, म्हणजे वर्गणी इथे चालू असल्याचा दाखला, लागतं. ते माणूस जाण्याआधी काढा. आजारपणाचा विमा हा वेगळा विषय, तो या सर्टिफिकेटात आला असं धरून चालू नका.

प्राप्तिकराचं गणित तारखेवर फिरतं. आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलेला माणूस त्या वर्षापुरता इथला रहिवासी. तुमचा माणूस ऑक्टोबरात गेला, म्हणजे ते दिवस भरले. त्यामुळे त्या वर्षाचा तिकडचा पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवायचा आणि तिकडे भरलेल्या कराची सवलत मागायची. हे कोणी त्याला सांगितलं होतं का? जुलैत त्याला हा धक्का बसणार आहे. आणि परत आल्यावर जर्मन बँकेतलं खातं उघडं राहिलं, तर त्याची माहिती विवरणपत्रात द्यावी लागते. दोनच वर्षं बाहेर राहिलेल्याला सहसा त्यात सूट मिळत नाही, आणि रक्कम मोठी असेल तर ती न देण्याचा दंड २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात जबर आहे. दोन्ही देशांचा कर मिळून इथे राहून लागला असता त्यापेक्षा जास्त झाला, तर वरचा भार कंपनी उचलेल, असं एक वाक्य पत्रात घाला. मोठ्या कंपन्या हे वर्षानुवर्षं करतात.

म्हणूनच चौघांची दिवाळीनंतरची तारीख मला पटत नाही. दिवाळीनंतर म्हणजे पुन्हा काळोखात उतरवणं, पुन्हा तोच कराचा गुंता, आणि मुलांची शाळा अर्ध्यावर. मार्चअखेर पाठवा. इथली परीक्षा झालेली असते, तिकडे वसंत लागलेला असतो, आर्थिक वर्ष नव्याने सुरू होतं. दोन वर्षांनी मार्चमध्येच परत आणलं तर मुलाला एप्रिल-जूनमध्ये इथल्या शाळेत घालता येतं. तिकडच्या भागात शाळेचं वर्ष जुलैअखेर संपतं, हा सांधा पूर्ण जुळणार नाही, पण अधल्यामधल्या नोव्हेंबरपेक्षा कितीतरी बरं. मालक म्हणतील, ऑर्डर थांबणार नाही. मग चौघांपैकी एकाला, ज्याचं कुटुंब मागून येणार आहे अशाला, आधी पाठवा.

अविवाहित मुलांचं काय? मला ही कल्पना कागदावरच स्वस्त वाटते. मशीनवर दहा-बारा वर्षं घालवलेले तुमचे लोक बहुतेक संसारी असणार. त्यांना वगळलंत की जे उरतील ते तीन-चार वर्षांच्या अनुभवाचे, आणि जर्मन फोरमन अशा पोराचं ऐकून घेणार नाही. शिवाय एकटा मुलगा लहान गावात संध्याकाळी पाचनंतर काय करतो, याचा विचार केलाय? जोडीदार असला तर निदान भांडायला तरी घरात कोणी असतं. आणि "मुलंच" का? तुमच्याकडे क्वालिटीत, डिझाइनमध्ये मुली नाहीत का? त्यांना कोणी विचारलंय? निवड करताना संसार आहे की नाही हे बघण्यापेक्षा नवराबायको दोघांना एकत्र बसवून तासभर बोला. घरी आईवडील आजारी आहेत का, बायकोची नोकरी सुटणार का, घराचा हप्ता कोण भरणार. उत्तरं वाईट आली म्हणून नाव कापू नका. कोणाला कुठली मदत लागेल ते त्यातून कळतं.

बाँडबद्दल मालकांचे वकील सांगतील की तो चालतो, आणि ते खोटं नाही. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची तीन वर्षं नोकरी, नाहीतर दोन लाख, ही अट वैध धरली. वाजवी भरपाईपुरता तुमचाही बाँड टिकू शकेल. पण त्याने तुम्हाला मिळणार काय? तीन वर्षं चेहरा पाडून बसलेला इंजिनिअर, किंवा नव्या कंपनीने भरलेले दोन-तीन लाख. जर्मनीत दोन वर्षं काढलेला, तिथल्या लोकांशी बोलता येणारा माणूस चाकण-रांजणगाव पट्ट्यात हातोहात उचलला जातो. जर्मन कंपन्यांची तिथे रांगच आहे, आणि मुंढव्याच्या भारत फोर्जने जर्मनीतली कंपनी घेतली त्यालाही वीस वर्षं उलटून गेली, तेव्हा हा अनुभव काय भावाचा आहे हे आसपास सगळ्यांना कळतं. बाँडची रक्कम त्या भावापुढे चिल्लर आहे.

तुमचा पहिला इंजिनिअर का गेला, हे त्याला कोणी विचारलं का? मी सांगू? तो आला तेव्हा त्याच्या जुन्या टेबलावर दुसरं कोणी बसलेलं होतं. त्याच्या हाताखालचा मुलगा दरम्यान बढती घेऊन त्याच्या बरोबरीला आला होता. दोन वर्षांची पगारवाढ परदेशी भत्ता वगळून मूळ पगारावर, "मीट्स एक्स्पेक्टेशन्स" या शेऱ्यासकट लागली होती, कारण अप्रेझल भरणाऱ्याने त्याचं काम पाहिलेलंच नव्हतं. भत्ता बंद झाल्याने हातात येणारा पगार निम्म्याहून खाली आला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तिथून काय शिकून आलास, हे त्याला कोणी विचारलं नाही. तपशिलात एखाददुसरी गोष्ट चुकली असेल माझी, पण गाभा हाच निघेल. फोन करून विचारा. गेलेला माणूस खरं बोलतो.

तेव्हा मालकांकडे बाँडच्या मसुद्याऐवजी एक पानाचं पत्र घेऊन जा. चौघांपैकी प्रत्येकाला जाण्याआधी द्यायचं. त्यात पुण्यातल्या एका वरिष्ठाचं नाव लिहा, हुद्दा नको, नाव. तो वरिष्ठ एचआरचा नको, धंद्यातला हवा, आणि या माणसाचं तिकडे नीट चालणं त्याच्या स्वतःच्या अप्रेझलमध्ये धरलेलं हवं, नाहीतर दोन महिन्यांत तो विसरेल. परत आल्यावर कुठल्या पातळीवर आणि कुठल्या विभागात घेणार ते लिहा. नेमकं पद आज सांगता येत नसेल तर निदान पातळी लिहा, आणि परतण्याआधी सहा महिने त्या वरिष्ठाने पद ठरवायचं, अशी तारीख घाला. आईवडिलांच्या आजारपणात यायचं तिकीट मंजुरीशिवाय काढता येईल, हेही लिहा. रात्री दीड वाजता वडिलांना आयसीयूत हलवल्याचं कळलेल्या माणसाने तुमच्या पोर्टलवर अर्ज भरत बसू नये. मालक पातळीचं आश्वासन द्यायला काचकूच करतील. तेव्हा त्यांना एकच विचारा: परत आल्यावर त्याला काय काम देणार हे माहीत नसेल, तर आपण त्याला पाठवतोय कशाला?

राहिला सध्याचा इंजिनिअर. त्याला ईमेल करू नका, मालकांना तर मुळीच बोलू देऊ नका. येत्या शनिवारी तुम्ही स्वतः फोन करा, त्याची दुपार असताना, आणि त्याच्या पत्नीलाही बोलायला सांगा. परत का यायचंय यावर उलटतपासणी नको. मुलीला बालवाडी मिळाली का, स्वयंपाकघराचा खर्च कोणी केला, पहाटेच्या मीटिंगा चालू आहेत का, एवढं विचारा. स्वयंपाकघराचे पैसे त्याचे गेले असतील तर ते या महिन्याच्या पगारात परत द्या. त्यानंतरही त्यांना यायचंच असेल, तर पुढच्या मार्चअखेरची तारीख ठरवा, दोन वर्षांऐवजी दीड वर्ष. आणि परतल्यावर मार्चमध्ये जाणाऱ्या चौघांची जबाबदारी त्याला द्या. त्या गावात घर कसं मिळतं, कुठला फोरमन कशावर चिडतो, बालवाडीचा अर्ज कधी करायचा, हे तुमच्या कंपनीत आज त्याच्याइतकं कोणालाच माहीत नाही. मुदतीआधी आला म्हणून त्याची वेतनवाढ रोखण्याचा विषय निघाला, तर तिथे मात्र तुम्ही मालकांसमोर ठाम उभ्या राहा. मार्चमध्ये जाणारे चौघे त्याच्याकडेच बघत असतील.